लग्नाचे फोटो क्लाउडवर ठेवताना: साठवण वेगळी, वाटप वेगळे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. स्टुडिओने लग्नाचे सुमारे २,६०० फोटो पेन ड्राइव्हमध्ये दिले असून त्यांचा एकूण आकार ३१ जीबीच्या आसपास आहे. त्यांतले काही आपण गूगल ड्राइव्हवर चढवले, लिंक कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आणि दोन दिवसांत तीन तक्रारी आल्या. कोणाला लिंक उघडतच नाही, कोणाला फोटो एकेक करून उतरवावे लागतात, आणि सप्तपदीचे काही फोटो फोल्डरमधून गायबच झाले आहेत. त्यावर जागा संपल्याचा इशाराही येऊ लागला आहे. ड्राइव्ह चांगले की गूगल फोटोज, आणि अशी लिंक ग्रुपवर टाकणे कितपत सुरक्षित आहे, असे आपण विचारले आहे.

लग्नाच्या छायाचित्रांची निवड, जतन आणि वितरण हेच माझे रोजचे काम असल्याने माझे मत आधीच सांगतो. आपली अडचण सेवेच्या निवडीची नाही. मूळ फोटो सांभाळणे आणि ते नातेवाइकांना दाखवणे ही दोन निरनिराळी कामे आपण एकाच फोल्डरवर सोपवली आहेत आणि तिन्ही तक्रारी त्यातूनच निर्माण झाल्या आहेत. मूळ फाइली एका बंद जागी राहाव्यात, त्यांची लिंक कोणालाही देऊ नये, आणि वाटण्यासाठी निवडक फोटोंची लहान आकाराची वेगळी प्रत तयार करावी. ही विभागणी एकदा केली की ड्राइव्ह की फोटोज हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

आधी गायब झालेल्या फोटोंविषयी, कारण ती काळजी सर्वांत मोठी आहे. ड्राइव्हमध्ये फोल्डर शेअर करताना समोरच्याला ‘व्ह्यूअर’, ‘कमेंटर’ किंवा ‘एडिटर’ यांपैकी एक अधिकार द्यावा लागतो. पाहुण्यांनाही त्यांचे फोटो टाकता यावेत म्हणून बहुतेक जण ‘एडिटर’ निवडतात आणि आपणही तेच केले असावे. एडिटरला फोटो टाकता येतात तसे ते फोल्डरमधून काढताही येतात. ‘हा फोटो माझ्या मोबाइलमध्ये नको’ अशा समजुतीने कोणी तो काढला की तो सर्वांच्याच नजरेआड होतो. दिलासा एवढाच की फाइलची मालकी आपली असेल तर दुसऱ्याने फोल्डरमधून काढल्याने ती नष्ट होत नाही. ती फोल्डरबाहेर पडून आपल्याच खात्यात राहते. पेन ड्राइव्हमधून त्या फोटोचे नेमके नाव पाहून घ्या आणि ते ड्राइव्हच्या शोधपट्टीत टाका, बहुधा सापडेल. फाइल आपणच हटवली असेल तर ती ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, त्यानंतर कायमची जाते.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. मामांनी आपल्या फोल्डरमध्ये टाकलेल्या फोटोंची मालकी मामांकडेच राहते आणि जागाही त्यांच्याच खात्यातली खर्च होते. उद्या जागा कमी पडते म्हणून त्यांनी ते फोटो हटवले तर आपल्या फोल्डरमधूनही ते जातील. गूगल फोटोजच्या सामायिक अल्बममध्येही असेच घडते. म्हणून पाहुण्यांकडून आलेले फोटो हवे असतील तर ते लगेच आपल्याकडे उतरवून किंवा ‘सेव्ह’ करून घ्यावेत.

लिंक न उघडण्याची कारणे माझ्या अनुभवात प्रामुख्याने दोन असतात. पहिले म्हणजे फोल्डरचा प्रवेश ‘रिस्ट्रिक्टेड’ राहिलेला असतो. त्या स्थितीत ज्यांचे ई-मेल पत्ते आपण स्वतः जोडले आहेत त्यांनाच फोल्डर दिसते आणि बाकीच्यांना परवानगी मागणारे पान दिसते. आपल्या आत्याला त्या पानावरचे इंग्रजी वाक्य वाचून नेमके काय करायचे हे कळणे अवघड आहे, आणि त्यांनी बटण दाबलेच तर परवानगीची विनंती आपल्या ई-मेलवर येऊन न वाचलेल्या पत्रांत पडून राहते. दुसरे कारण अधिक फसवे आहे. ‘कॉपी लिंक’ न वापरता ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतला पत्ता जसाच्या तसा उचलून पाठवला जातो. गूगल फोटोजमध्ये मालकाला स्वतःच्या अल्बमचा जो पत्ता तिथे दिसतो तो वाटण्याच्या लिंकपेक्षा वेगळा असतो. तो आपल्याला व्यवस्थित उघडतो, पण इतरांना पान सापडत नसल्याचा संदेश मिळतो. पाठवणाऱ्याला हे कधीच कळत नाही, कारण तो स्वतःच्या खात्यात शिरलेला असतो. म्हणून कोणतीही लिंक पाठवण्यापूर्वी ती ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे आपण कोणत्याही खात्यात शिरलेले नसतो अशा खिडकीत, उघडून पाहावी. तिथे जे दिसेल तेच आपल्या पाहुण्यांना दिसणार आहे.

आता जागेविषयी. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज या तिघांत मिळून असते. एके काळी गूगल फोटोजमध्ये किंचित कमी दर्जाचे फोटो अमर्याद ठेवता येत, ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. तरीही ‘फोटोजमध्ये टाकले तर जागा लागत नाही’ हे वाक्य मला आजही ऐकू येते. ३१ जीबी फोटो या १५ जीबीत मावणार नाहीत. जागा पूर्ण भरली की त्या खात्याचे जीमेलही नवे पत्र स्वीकारत नाही, त्यामुळे लग्नाच्या फोटोंपायी बँकेचे किंवा नोकरीसंबंधीचे पत्र अडकू शकते. आपल्याला आलेला इशारा म्हणूनच गांभीर्याने घ्यावा.

यावर पुष्कळ लोक एक युक्ती करतात. केवळ लग्नाच्या फोटोंसाठी नवी दोन-तीन खाती उघडतात आणि प्रत्येकात १५ जीबी भरतात. मी या युक्तीच्या विरोधात आहे. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यांतल्या सामग्रीसह काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. लग्नासाठी उघडलेले खाते लग्नानंतर कोणी उघडत नाही, त्याचा पासवर्ड नवऱ्या मुलाच्या चुलतभावाला ठाऊक असतो, आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक तोवर बदललेला असतो. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत फोटो असतात, पुढे केव्हा गेले हे कोणालाही सांगता येत नाही. मूळ फोटो क्लाउडवर ठेवायचेच असतील तर रोज वापरातल्या एका खात्यावर १०० जीबीची सशुल्क योजना घ्यावी आणि सोबत दोन वेगवेगळ्या घरांत दोन हार्ड डिस्क ठेवाव्यात. पैसे द्यायचे नसतील तर मूळ फोटो क्लाउडवर ठेवूच नयेत, दोन हार्ड डिस्क पुरेशा आहेत. पेन ड्राइव्ह हे दीर्घकाळ जतन करण्याचे साधन नव्हे, तो फक्त नेआण करण्यासाठी असतो.

स्टुडिओने दिलेल्या ऑनलाइन गॅलरीच्या भरवशावरही राहू नये. बहुतेक स्टुडिओ ती ठराविक मुदतीपुरतीच उघडी ठेवतात आणि ते रास्तही आहे, कारण प्रत्येक लग्नाची जागा त्यांच्या खिशातून जात असते.

मूळ फोटो चढवण्यापूर्वी थोडी पूर्वतयारी करावी लागते आणि इथे घाई करू नये. लग्नात सहसा दोन किंवा अधिक कॅमेरे असतात. कॅमेरा फाइलींना ०००१ ते ९९९९ असे क्रमांक देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांत एकाच नावाचे दोन भिन्न फोटो असू शकतात. ते एका फोल्डरमध्ये ओतताना संगणक विचारतो की जुनी फाइल बदलू का, आणि घाईत ‘हो’ म्हटले की अंतरपाटाचा फोटो जाऊन त्याच्या जागी जेवणाच्या पंगतीचा फोटो येतो. प्रत्येक कॅमेऱ्याचे फोल्डर वेगळे ठेवावे किंवा नावांच्या आधी कॅमेऱ्याची खूण जोडावी.

दुसरी बाब कॅमेऱ्याच्या घड्याळाची आहे. क्लाउडवरचे अल्बम फोटो काढल्याच्या वेळेनुसार मांडता येतात आणि ती वेळ फाइलच्या आत नोंदलेली असते. एका कॅमेऱ्यात सकाळ-संध्याकाळ उलटी लावलेली असेल तर त्याचे सगळे फोटो बारा तासांनी सरकतात. सकाळी अकराच्या मुहूर्ताचे फोटो रात्री अकराचे म्हणून नोंदले जातात आणि अल्बममध्ये पाठवणी आधी व अक्षता नंतर दिसू लागतात. हे शोधण्याची सोपी रीत अशी की दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपलेला एकच क्षण निवडावा, उदाहरणार्थ हार घालण्याचा, आणि दोन फाइलींच्या वेळांतला फरक पाहावा. गूगल फोटोजच्या संगणकावरील आवृत्तीत अनेक फोटो एकदम निवडून त्यांची वेळ ठराविक तासांनी पुढे-मागे सरकवता येते. एक्झिफटूल या मोफत साधनाने हेच काम चढवण्यापूर्वी, खुद्द फाइलींतच करता येते. मी नेहमी दुसरा मार्ग निवडतो, कारण मग फाइल कोठेही नेली तरी वेळ बरोबर राहते.

चढवण्याला किती वेळ लागेल याचा अंदाज आधी घ्यावा. इंटरनेटचा वेग म्हणून जो आकडा जाहिरातीत असतो तो बहुधा उतरवण्याचा असतो, चढवण्याचा वेग पुष्कळ ठिकाणी त्याहून कमी मिळतो. ३१ जीबी चढवायला २० एमबीपीएस वेगाने साडेतीन तासांच्या आसपास, तर ५ एमबीपीएस वेगाने सुमारे १४ तास लागतील. दिवसाला दीड जीबी देणाऱ्या मोबाइल योजनेवर हेच काम तीन आठवडे चालेल, म्हणून ते तिथे सुरूच करू नये. ब्राउझरमधून एवढे मोठे फोल्डर ओढून टाकले आणि मध्येच वीज गेली तर कोणत्या फाइली पोहोचल्या हे शोधणे कटकटीचे होते. ड्राइव्हचे संगणकावर बसवायचे ॲप वापरावे, ते थांबलेले काम पुढे चालू करते. शेवटी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवून पाहावी. ती जुळेपर्यंत पेन ड्राइव्ह रिकामा करू नये, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो.

आणखी एक समज दुरुस्त करायला हवी. मोबाइलवरच्या गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना ॲपमधून फोटो हटवला तर तो क्लाउडवरूनही जातो. मोबाइलमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी असलेला ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरावा, तो फक्त चढलेल्या फोटोंच्या मोबाइलमधल्या प्रती काढतो. चुकून हटवलेला बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो.

आता वाटपाकडे येऊ. २,६०० फोटो कोणीही पाहत नाही. नवरा-नवरीसुद्धा पाहत नाहीत. नातेवाइकांसाठी ३०० ते ४०० फोटो निवडावेत आणि ते निवडण्याचे काम घरातल्या एकाच व्यक्तीवर सोपवावे, नाहीतर व्याह्यांच्या बाजूचे फोटो कमी पडल्याची कुजबुज सुरू होते. निवडलेल्या फोटोंची लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवून वेगळी प्रत काढावी. एक्सएनकन्व्हर्ट किंवा इरफानव्ह्यू यांसारख्या साधनांत सगळे फोटो एकदम लहान करता येतात, आणि घरगुती वापरासाठी ही दोन्ही साधने मोफत आहेत. अशी प्रत साधारणपणे एक एमबीच्या आतबाहेर असते, म्हणजे ४०० फोटोंचा अख्खा संच ४०० एमबीच्या आसपास बसतो. तो मोफत खात्यातही आरामात मावतो आणि गावाकडच्या कमी वेगाच्या नेटवरही उघडतो. मोबाइलच्या पडद्यावर मूळ फोटोत आणि या प्रतीत फरक ओळखता येत नाही. प्रत काढतानाच रंगव्यवस्था एसआरजीबी, म्हणजे मोबाइल आणि संगणकाच्या पडद्यांवर सर्रास चालणारी, आहे ना, हे तपासावे. स्टुडिओने ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगव्यवस्थेत फाइली दिल्या असतील तर काही मोबाइलवर शालूचा लाल रंग विटका दिसतो आणि दोष उगाच छायाचित्रकाराला दिला जातो.

या प्रतींसाठी मी गूगल फोटोजचा अल्बम सुचवेन. फोल्डरमध्ये फाइलींची यादी दिसते, अल्बममध्ये फोटो दिसतात, आणि ज्येष्ठ मंडळींच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. लिंकने आलेला अल्बम पाहायला गूगल खात्यात शिरावे लागत नाही. अल्बमच्या पर्यायांत ‘कोलॅबोरेट’ हा खटका बंद करावा, म्हणजे पाहुण्यांना फोटो टाकता येणार नाहीत. त्यांचे फोटो हवे असतील तर त्यासाठी दुसरा अल्बम उघडून तिथे तो खटका चालू ठेवावा. सगळा संच एकदम उतरवण्याची सोय संगणकावर अधिक सुटसुटीत आहे. ड्राइव्हमधून मोठे फोल्डर उतरवले की त्याच्या अनेक झिप फाइली, म्हणजे बरेच फोटो एकत्र बांधलेले गठ्ठे, होतात आणि त्या मोबाइलवर उलगडताना माणूस थकतो. एकेक फोटो उतरवावा लागण्याची आपल्याकडची तक्रार बहुधा त्यातूनच आली असावी.

कुटुंबातले सगळे आयफोनवाले असतील तर आयक्लाउडचा सामायिक अल्बमही चालेल. त्यात ५,००० फोटो मावतात, फोटो आपोआप २०४८ पिक्सेलचे होतात आणि आयक्लाउडची ५ जीबी मोफत जागा त्यासाठी खर्च होत नाही. मात्र आयफोनमधून ‘कॉपी आयक्लाउड लिंक’ने दिलेली लिंक ३० दिवसांतच मरते, ती या कामाची नाही. व्हॉट्सॲपवर थेट फोटो पाठवणे मी शेवटचा पर्याय मानतो. २०२३ पासून तिथे एचडीचा पर्याय आला असला तरी दर्जा घटतोच, आणि मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी लागते.

सुरक्षिततेविषयी आपण विचारले ते योग्यच आहे. ‘लिंक असलेला कोणीही’ या पर्यायाने दिलेली लिंक अंदाजाने ओळखता येत नाही, कारण तिच्यात अक्षर-अंकांची लांबलचक यादृच्छिक साखळी असते. पण ती म्हणजे घराची किल्ली आहे, आणि किल्ली हातात आलेला माणूस कोण हे कुलूप विचारत नाही. ग्रुपवर टाकलेली लिंक तिथून दुसऱ्या ग्रुपवर जाते, तिथून आणखी पुढे, आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. ड्राइव्हमध्ये पाहणाऱ्यांना डाउनलोड बंद करता येते, परंतु स्क्रीनशॉट थांबवता येत नाही, म्हणून त्या सोयीवर मी फार विसंबत नाही. खरा उपाय निवडीत आहे. हळदीचे ओल्या कपड्यांतले फोटो, लहान मुलांचे उघडे फोटो, खोलीतल्या तयारीचे फोटो हे लिंकच्या अल्बममध्ये मुळीच घालू नयेत. ते ज्यांना द्यायचे त्यांचे नाव जोडून, लिंक बंद ठेवून, वेगळ्या अल्बममधून द्यावेत, आणि नवरीच्या संमतीने द्यावेत.

ड्राइव्ह वापरत असाल तर एक जागा विशेष तपासा. वरच्या फोल्डरला दिलेली परवानगी आतल्या सर्व फोल्डरांना लागू होते. ‘लग्न’ या फोल्डरऐवजी त्याच्या वरचे ‘घरचे’ हे फोल्डर शेअर झाले असेल, तर त्यातल्या आधार कार्डाच्या प्रती, घराची कागदपत्रे आणि विम्याच्या हप्त्यांचे कागदही लिंकसोबत बाहेर गेले असे समजावे. असे झाले असल्यास लिंक तत्काळ ‘रिस्ट्रिक्टेड’ करावी. त्यामुळे आधी वाटलेली लिंक बंद पडते. मात्र ज्यांना नावाने जोडले आहे त्यांचा प्रवेश राहतो, त्यांना स्वतंत्रपणे काढावे लागते.

फोटोच्या आत स्थानाची नोंदही असू शकते. लग्नाच्या मोठ्या कॅमेऱ्यांत ती सहसा नसते, पण मोबाइलने काढलेल्या फोटोंत अक्षांश-रेखांश असतात, आणि साखरपुडा घरी झाला असेल तर त्या नोंदीत घराचे ठिकाण सापडते. प्रती लहान करताना ही नोंद काढून टाकता येते. फक्त तारीख-वेळ काढू नये, नाहीतर वर सांगितलेला क्रम पुन्हा बिघडेल. अल्बमच्या पर्यायांतही स्थान दाखवणे बंद करता येते.

लिंक पाठवताना सोबत आपल्या आवाजात एक संदेश जरूर द्यावा. लग्नपत्रिकेच्या किंवा फोटोंच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल, पाठवून मोबाइल ताब्यात घेण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत घडले आहेत, त्यामुळे सावध माणूस अनोळखी वाटणारी लिंक उघडत नाही, आणि त्याने उघडूही नये. ‘ही लिंक मीच पाठवली आहे, ती उघडल्यावर कोणतेही ॲप बसवायला किंवा ओटीपी द्यायला सांगितले जाणार नाही’ एवढे वाक्य पुरते. स्वागत समारंभाच्या वेळी टेबलांवर क्यूआर कोड ठेवायची पद्धत आता रुळली आहे. तो कोड क्रोमच्या शेअर पर्यायातून थेट अल्बमच्या लिंकवरूनच बनवावा. मोफत क्यूआर बनवून देणारी काही संकेतस्थळे मध्ये स्वतःचा पत्ता घालतात आणि काही दिवसांनी तो बंद करून पैसे मागतात, तोवर कोड छापून झालेला असतो.

अल्बम किती दिवस उघडा ठेवायचा हेही आधीच ठरवून ग्रुपवर कळवावे. दोन महिने पुरे होतात. वैयक्तिक गूगल खात्यावर लिंकला आपोआप मुदत लावण्याची सोय नसल्याने कॅलेंडरमध्ये नोंद करून आपणच ती बंद करावी. ज्यांना फोटो हवे होते त्यांनी ते तोवर घेतलेले असतात.

राहिला छपाईचा प्रश्न. बारा बाय छत्तीस इंचांचा करिझ्मा अल्बम करायचा असेल तर स्टुडिओला मूळ फाइलीच द्याव्यात. दोन पाने मिळून पसरणाऱ्या एका फोटोला ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, १०,८०० पिक्सेल रुंदी लागते, तिथे लहान केलेली प्रत फाटल्यासारखी दिसेल. गूगल फोटोजच्या ‘स्टोरेज सेव्हर’ पर्यायातून गेलेला फोटोही १६ मेगापिक्सेलपर्यंत घटवलेला असू शकतो, म्हणून छपाईसाठी तिथून फोटो उतरवू नयेत. याउलट ज्या आजी-आजोबांकडे स्मार्टफोन नाही त्यांना लिंकचा उपयोगच नाही. त्यांच्यासाठी तीसेक फोटो चार बाय सहा इंचांत छापून घ्यावेत. त्या आकाराला १,८०० बाय १,२०० पिक्सेल लागतात, म्हणजे वाटपासाठी केलेली २०४८ पिक्सेलची प्रतच फोटो लॅबला दिली तरी काम होते.